कशाचं? कशाच्या तुलनेत? – कॉलेजचा गृहपाठ सोडवायला बसताना

आमच्या काकांचं गावात दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "खोबरेल केवढं महागलं, दुप्पट झालं!" काका तराजूवरची नजर न हलवता विचारायचे, "कधीच्या दुप्पट?" मग कळायचं की गिऱ्हाइकाला दोन वर्षांपूर्वीचा भाव आठवत होता. लहानपणी मला वाटायचं, काका उगाच वाद घालतात. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच वर्षी लक्षात आलं, की गृहपाठातली अर्धी कोडी काकांच्या या एका प्रश्नाने सुटतात.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी हायस्कूल, मग कॉलेज. आता साखळीला आमच्या सोप्यावर संध्याकाळी पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं-मुली वह्या घेऊन बसतात. पूर्वी बी.ए.ची मुलं इतिहास आणायची, बी.एस्सी.ची भौतिकशास्त्र. २०२३-२४ पासून गोव्यात नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि आपल्या शाखेबाहेरचा विषयही घ्यावा लागू लागला. त्यामुळे इतिहासाची मुलगी स्टॅटिस्टिक्सची वही घेऊन येते आणि रसायनशास्त्राचा मुलगा गोव्याच्या इतिहासावर पाच पानं कशी भरू म्हणून विचारतो. दोघांचीही धांदल एकाच जागी उडते. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि यंदा पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेल्या सगळ्यांसाठी.

आधी प्रश्न हाताने उतरवा

मोबाईलवर आलेला प्रश्न मोबाईलवरच वाचून लिहायला बसू नका. तो वहीत शब्दन् शब्द उतरवा. हात चालतो तेव्हा डोळे मागे राहत नाहीत. उतरवून झाला की दोन गोष्टींखाली रेघ मारा. एक, काय करायला सांगितलंय ते क्रियापद. दुसरी, कशाबद्दल सांगितलंय ती मर्यादा, म्हणजे कुठला काळ, कुठला प्रदेश, कुठली राशी.

क्रियापदाकडे दुर्लक्ष झालं की चांगला अभ्यास करूनही गुण जातात. 'ट्रेस' म्हटलंय तर क्रमाने वाटचाल दाखवायची: हे झालं, त्यातून ते झालं. 'अकाउंट फॉर' म्हणजे कारणं द्यायची, हकिगत सांगायची नाही. 'डिस्कस' म्हणजे दोन्ही बाजू पुढे ठेवायच्या. 'क्रिटिकली इग्झॅमिन' म्हणजे एखादं विधान पुराव्याला कितपत टिकतं ते तपासायचं आणि शेवटी आपलं मत द्यायचं. पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं या चारही प्रश्नांना एकच उत्तर लिहितात, आठवेल ते सगळं. विज्ञानात 'डिराइव्ह' असेल तर सूत्र कुठून आलं ते दाखवायचं, 'कॅल्क्युलेट' असेल तर किंमत काढायची. 'एस्टिमेट' असेल तर अंदाज चालतो, पण तो कशावरून केला ते लिहावं लागतं.

मग पुस्तक उघडण्याआधी पेन्सिलने आपला अंदाज लिहा. इतिहासात 'मला वाटतं, कारण हे असावं'. आकडेशास्त्रात 'सरासरी दोनशेच्या आसपास यावी'. भौतिकशास्त्रात 'दहा-एक सेकंद लागतील'. अंदाज चुकला तरी चालेल. तो लिहिलेलाच नसेल तर उत्तर आल्यावर ते बरोबर वाटतंय की नाही, हे सांगणारं तुमच्याकडे काहीच उरत नाही.

इतिहास: कुठला गोवा, कुणाचा गोवा

'पोर्तुगिजांनी गोव्यावर ४५१ वर्षं राज्य केलं.' हे वाक्य प्रत्येक वहीत येतं. वजाबाकी बरोबर आहे. अफोन्सो दे आल्बुकर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा शहर घेतलं आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पण इथे काकांचा प्रश्न विचारा: कुठल्या गोव्यावर?

१५१० मध्ये हाती आली ती तिसवाडी. बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये गेले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आले. म्हणून पोर्तुगीज कागदांत 'जुन्या काबिजादी' आणि 'नव्या काबिजादी' (काबिजाद म्हणजे जिंकलेला मुलूख) असे दोन शब्द सापडतात. माझ्या माहेरच्या गावाला ४५१ हा आकडा लागूच होत नाही. तिथे हे राज्य दोनशे वर्षंही नव्हतं. आमच्या बाजूची देवळं का टिकली, तिसवाडी-साष्टीतले देव रात्रीतून नदी ओलांडून फोंड्याकडे का नेले गेले, कितीतरी कुळांची कुलदैवतं अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्यात, का, सत्तरीत राणे घराण्याने बंडं कशी केली, यातल्या बऱ्याच गोष्टी या तारखांशी जोडलेल्या आहेत. एका वाक्यातला 'गोवा' शब्द नीट फोडला की पानभर उत्तर आपोआप उलगडतं.

आता एक पूर्ण प्रश्न घेऊ, कारण इतिहासाचा गृहपाठ कसा करायचा ते नुसतं सांगून कळत नाही. समजा प्रश्न असा आहे: १९६७ च्या जनमत कौलाच्या निकालाची कारणे द्या.

सर्वांत आधी पाच-सहा तारखांची रेघ ओढा. डिसेंबर १९६१, मुक्ती. डिसेंबर १९६३, पहिली निवडणूक. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाची भूमिका गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाची, तर समोर जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष, त्याची भूमिका वेगळं राहण्याची. डिसेंबर १९६६, संसदेचा जनमत कौलाचा कायदा. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७, मतदान. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं. निकाल दोन पानांच्या बाजूने. मार्च १९६७, विधानसभेची निवडणूक. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर.

रेघ ओढून झाली की तिच्याकडे थोडा वेळ बघत बसा. शेवटच्या दोन तारखा एकमेकींशी जुळत नाहीत, हे दिसतंय ना? जानेवारीत ज्या लोकांनी विलीनीकरण नाकारलं, त्याच लोकांनी दोन महिन्यांत विलीनीकरणवादी पक्षाला पुन्हा सरकार दिलं. मुलं ही तारीख गाळतात, कारण प्रश्न जानेवारीचा आहे. मी म्हणते, उत्तराचा प्राण तिथेच आहे. मतदारांनी 'गोवा कुणाचा' आणि 'सरकार कुणाचं' हे दोन प्रश्न वेगळे मानले, असं तुम्ही मांडू शकता. त्याला आधार हवा. १९६४ चा शेतजमिनीच्या कुळांचा कायदा या सरकारच्या काळातला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्याही याच काळात. बहुजन समाजाला हे सरकार आपलं वाटत होतं, पण त्यातल्या काहींना वेगळा गोवाही हवा असू शकतो. हे तुमचं विधान झालं. आता ते पुराव्याला लावून बघायचं.

पुरावा कुठे मिळेल? पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ ची. तिथे गोव्याविषयीच्या पुस्तकांचा विभाग आहे. एकदा कदंबची बस पकडून जा आणि अख्खा दिवस द्या. जुनी वर्तमानपत्रं वाचताना पुन्हा तोच प्रश्न: हे कुणाचं वर्तमानपत्र? कौलाच्या काळात 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होतं आणि 'राष्ट्रमत' विरोधात. दोन्ही मराठी. म्हणजे 'मराठी लिहिणारे सगळे विलीनीकरणवादी' हा सोपा समज एका दुपारीत गळून पडतो. दोन्हीकडची एकेक बातमी एकाच सभेबद्दलची शोधा, शेजारी ठेवा आणि काय जुळतं, काय जुळत नाही ते लिहा. एवढं केलंत तर तुमचं उत्तर वर्गातल्या इतरांपेक्षा वेगळं होईल.

दुसरा पुरावा घरी आहे. आजी-आजोबांपैकी कुणी तेव्हा मतदार असेल तर त्यांच्याजवळ बसा. त्यांची परवानगी घ्या. तेव्हा वय किती होतं, कुठल्या तालुक्यात राहत होते ते टिपून ठेवा. आठवणीत नंतरच्या गोष्टी मिसळतात, म्हणून तारखा त्यांच्याकडून घेऊ नका. तारखा पुस्तकातून घ्या, वातावरण त्यांच्याकडून. 'घरात दोन भावांनी दोन बाजूंना मत दिलं' असं वाक्य तुम्हाला कुठल्याही ग्रंथात मिळणार नाही.

लिहिताना एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवा. आधी विधान, मग पुरावा, मग त्या पुराव्यावरून तेच का निष्पन्न होतं ते. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. 'राष्ट्रमतने विरोध केला' एवढं लिहून थांबलात तर ती नुसती माहिती. 'म्हणजे भाषा आणि विलीनीकरण या दोन गोष्टी त्या काळातही एकरूप नव्हत्या' असं पुढे लिहिलंत की ते उत्तर झालं. आणि जे ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव त्याच पानावर लिहा. शेवटी आठवून लिहीन म्हणाल तर विसराल.

आकडे: कशाचे टक्के

जनमत कौल इथेच सोडत नाही, कारण आकडेशास्त्राचा माझा पहिला धडा त्यानेच शिकवला. प्रथम वर्षाला मी आणि माझी मैत्रीण एकाच निबंधासाठी दोन पुस्तकं वाचत होतो. माझ्या वहीत विरोधातली मतं ५४.२ टक्के, तिच्या वहीत ५५.५. बसमध्ये साखळीपासून पणजीपर्यंत आम्ही भांडलो. तुझं पुस्तक चुकीचं, तुझंच चुकीचं. कुणालाही मूळ आकडे काढून भागाकार करावासा वाटला नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

मूळ आकडे असे. मतदार ३,८८,४३२. झालेलं मतदान ३,१७,६३३. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. बाद ७,२७२.

आता १,७२,१९१ ला झालेल्या एकूण मतदानाने भागा: ५४.२ टक्के. बाद मतं वगळून, म्हणजे ३,१०,३६१ वैध मतांनी भागा: ५५.५ टक्के. एकूण मतदारांनी भागा: ४४.३ टक्के. वरचा आकडा तोच, खालचा बदलला की टक्के बदलले. दोन्ही पुस्तकं बरोबर होती. आणि तिसरा आकडा वापरून उद्या कुणी म्हणेल की 'निम्म्याहून कमी गोंयकारांनी विरोध केला', तर तेही गणिताने खोटं नाही. पण त्याच हिशेबाने फुलाच्या बाजूला ३५.६ टक्केच पडतात, हे तो सांगणार नाही. म्हणून टक्केवारी दिसली की लगेच तिच्याखाली लिहा, 'कशाचे'. उत्तरातही लिहा. 'वैध मतांच्या ५५.५ टक्के' हे पूर्ण उत्तर, 'विरोधात ५५.५ टक्के' हे अर्धवट.

सरासरीचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत उत्तर गोव्याची लोकसंख्या ८,१८,००८ आणि दक्षिणेची ६,४०,५३७. क्षेत्रफळ उत्तरेचं १,७३६ चौरस किलोमीटर, दक्षिणेचं १,९६६. घनता काढा: उत्तरेत सुमारे ४७१, दक्षिणेत सुमारे ३२६. संपूर्ण गोव्याची घनता किती? दहातली आठ मुलं ४७१ आणि ३२६ ची बेरीज करून दोनाने भागतात आणि ३९८.५ लिहितात. खरं उत्तर १४,५८,५४५ भागिले ३,७०२, म्हणजे ३९४. फरक थोडाच दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. तेव्हाच्या या दोन जिल्ह्यांचं क्षेत्रफळ जवळपास सारखं होतं, म्हणून निभावलं एवढंच. तिसवाडी आणि सत्तरी घेऊन हाच प्रकार केलात तर उत्तर पार भरकटेल. सरासरीची सरासरी काढायची वेळ आली तर थांबा, मूळ बेरजांकडे परत जा.

मीन (सरासरी) आणि मीडियन (आकडे क्रमाने लावल्यावर मधला) यांतला फरक मी बाजारातून समजावते. समजा पाच दिवसांचे बांगड्याचे किलोचे भाव असे आहेत (आकडे सोयीसाठी घेतलेत): १८०, २००, २००, २२०, ५००. शेवटचा दिवस मासेमारी बंदीतला. गोव्यात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा भाव असा उसळतो. मीन २६०. मीडियन २००. 'बांगडा साधारण कितीला मिळत होता' असं शेजारीण विचारेल तर तुम्ही २६० सांगाल का? त्या भावाने एकाही दिवशी मिळाला नव्हता. पण पाच दिवस रोज किलोभर घेतला असेल आणि एकूण खर्च विचारला तर मीनच उपयोगाचा, कारण २६० गुणिले ५ म्हणजे १,३००. कुठला आकडा योग्य ते प्रश्न ठरवतो.

स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, काढताना पायऱ्या ओळीने लिहा, कॅल्क्युलेटरने थेट काढू नका, निदान पहिले दहा प्रश्न तरी. वरच्या भावांचे मीनपासूनचे फरक: उणे ८०, उणे ६०, उणे ६०, उणे ४०, अधिक २४०. बेरीज शून्य येते की नाही बघा. आली नाही तर मीन चुकलाय, पुढे जाऊ नका. वर्ग करून बेरीज ७२,८००. आता भागायचं पाचाने की चाराने? पाच दिवस हेच तुमचं सगळं विश्व असेल तर पाचाने, आणि वर्गमूळ काढून उत्तर सुमारे १२०.७. हे पाच दिवस मोठ्या काळातले नमुन्यादाखल घेतलेले असतील तर चाराने, उत्तर सुमारे १३४.९. पाठ करून हे लक्षात राहत नाही. 'हे पाच कशातले पाच?' असं विचारलं की राहतं. शेवटचा ५०० काढून टाकून पुन्हा करून पाहा. मीन २००, आणि चाराच्या ऐवजी तीनाने भागून डेव्हिएशन अवघं १६.३. एका दिवसाने किती गोंधळ घातला होता ते तेव्हा कळतं. पण तो ५०० वहीतून गुपचूप खोडू नका. काढला असेल तर का काढला ते एका ओळीत लिहा.

इथे एका माणसाची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातलं कोसंबे गाव. मूळचे गणिती. जुनी आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी त्यांनी वजन करून तपासली. हातोहात फिरताना नाणं झिजतं, वजन घटतं. म्हणून वजनांची सरासरी आणि त्यांतली तफावत यांवरून कुठली नाणी जास्त काळ चलनात होती हे ताडता येतं, असं त्यांनी दाखवलं. ताजव्याचं काम, आकडेशास्त्राचं गणित आणि प्राचीन भारताचा इतिहास, सगळं एकाच टेबलावर. 'मी आर्ट्सची, मला आकडे कशाला' असं कुणी म्हणालं की मी तिला कोसंब्यांची नाणी सांगते.

भौतिकशास्त्र: कुणाच्या नजरेने वेग

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत उभं राहून बघा. बोट समोरच्या धक्क्याकडे सरळ तोंड करून निघत नाही. पाण्याची ओढ ज्या दिशेने असेल तिच्या थोडं उलट तोंड करते. नाव आणि नदीचं गणित पुस्तकात वाचताना मुलांना ते कोरडं वाटतं, पण ज्याने रोज फेरी पकडलीय त्याला त्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं.

आकडे सोयीचे घेऊ. पात्र ५०० मीटर रुंद. बोटीचा स्थिर पाण्यातला वेग सेकंदाला २.५ मीटर. प्रवाह सेकंदाला १.५ मीटर. बोट सरळ समोर तोंड करून निघाली तर किती वेळ लागेल, आणि ती कुठे पोचेल?

पहिली पायरी, चित्र. दोन समांतर रेघा म्हणजे काठ, प्रवाहाचा बाण, बोटीचा बाण. चित्र काढल्याशिवाय सूत्राला हात लावू नका. दुसरी पायरी, दिलेल्या प्रत्येक वेगापुढे लिहा, 'कशाच्या तुलनेत'. २.५ हा पाण्याच्या तुलनेत. १.५ हा काठाच्या तुलनेत पाण्याचा. आपल्याला हवाय तो काठाच्या तुलनेत बोटीचा. ही ओळ लिहिली की निम्मं गणित झालं. तिसरी, आडवी आणि उभी दिशा वेगळी करा. पात्र ओलांडायला फक्त २.५ कामी येतो: ५०० भागिले २.५, म्हणजे २०० सेकंद. तेवढ्या वेळात प्रवाह बोटीला १.५ गुणिले २००, म्हणजे ३०० मीटर खाली नेतो. धक्का चुकला.

आता धक्क्यावरच पोचायचं असेल तर? बोटीला वर तोंड करावं लागेल, इतकं की तिच्या वेगाचा १.५ चा भाग प्रवाहाला तोलेल. २.५ हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण, १.५ एक बाजू, म्हणजे दुसरी बाजू २. हा उरलेला वेग पात्र ओलांडायला. ५०० भागिले २, म्हणजे २५० सेकंद. सरळ पोचायचं तर पन्नास सेकंद जास्त लागतात. हे उत्तर तुमच्या फेरीबोटीतल्या अनुभवाशी जुळतं का? जुळतं. मग रेघ मारा.

परिमाणं प्रत्येक ओळीत लिहा, शेवटी एकदा नव्हे. ताशी किलोमीटर आणि सेकंदाला मीटर यांची भेसळ झाली की उत्तर ३.६ पट चुकतं, आणि पहिल्या वर्षी गुण सर्वांत जास्त तिथेच जातात.

उत्तर मिळाल्यावरही एक पायरी उरते. दूधसागर धबधबा ३१० मीटर उंच. वरून दगड सोडला तर किती वेळाने खाली? दोन गुणिले ३१० भागिले ९.८ (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), येतं सुमारे ६३.३, त्याचं वर्गमूळ सुमारे ८ सेकंद. वर्गमूळ विसरणारे ६३ सेकंद लिहितात आणि शांतपणे पुढच्या प्रश्नाकडे वळतात. ज्याने आधी 'दहा-एक सेकंद' असा अंदाज पेन्सिलने लिहून ठेवलाय, तो थबकतो. खाली पोचताना वेग सेकंदाला सुमारे ७८ मीटर येतो, म्हणजे ताशी २८० किलोमीटर. आता विचारा, दूधसागरचं पाणी खरंच ताशी २८० ने कोसळतं का? नाही. धबधबा एकसंध नाही, तो टप्प्याटप्प्याने खडकांवर आदळत उतरतो, आणि हवाही पाण्याला अडवते. सूत्रात हे दोन्ही नव्हतं. 'हवेचा विरोध धरलेला नाही' ही एक ओळ उत्तराखाली लिहिली तर शिकवणाऱ्याला कळतं की तुम्ही सूत्र कुठपर्यंत चालतं ते जाणता.

रसायनशास्त्राचं थोडक्यात सांगते. मोलच्या (कणांची ठरावीक संख्या म्हणजे एक मोल) प्रश्नात 'कशाचे मोल' ते प्रत्येक आकड्यापुढे लिहा. पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरांचं उदाहरण घ्या. समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे किलोभर क्षारासाठी साडेअठ्ठावीस किलोच्या आसपास पाणी आटवावं लागेल. पण ते सगळे क्षार म्हणजे सोडियम क्लोराइड नव्हे, त्यामुळे १,००० ला ५८.५ ने (सोडियम क्लोराइडच्या एका मोलचे ग्रॅम) भागून आलेले १७ मोल हे मिठाचे नेमके मोल नाहीत.

भाषा, मोबाईल आणि विचारणं

आपल्यापैकी पुष्कळ जण मराठीत विचार करतात आणि इंग्रजीत लिहितात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वहीचं एक पान उभं दुमडा. डाव्या बाजूला मराठीत पायऱ्या लिहा, जशा सोप्यावर बसून मैत्रिणीला सांगाल तशा. उजव्या बाजूला त्या इंग्रजीत न्या. मराठीत ओळ अडखळली तर समजा की मुद्दाच कळलेला नाही, आणि इंग्रजीने तो झाकू नका. शब्दांची जोडी करत जा: मध्यक आणि मीडियन, प्रमाण विचलन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, संवेग आणि मोमेंटम. दोन महिन्यांत शंभर जोड्या होतात.

मोबाईलवर आयतं उत्तर मिळतं, हे मलाही माहीत आहे. मी मुलांना मनाई करत नाही, क्रम ठरवून देते. आधी स्वतःचा प्रयत्न, कितीही अर्धवट. मग मोबाईल. मग दोन्ही शेजारी ठेवून पहिली वेगळी ओळ शोधायची आणि तिथे का फाटा फुटला ते लाल शाईने लिहायचं. उलटा क्रम केला तर आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या चाचणीच्या, दिवशी वहीत उत्तरं असतात आणि डोक्यात काही नसतं. इतिहासात तर मोबाईलने सांगितलेली तारीख पुस्तकात पडताळल्याशिवाय लिहूच नका.

वेळेचं म्हणाल तर प्रश्न हातात आला त्याच संध्याकाळी तो उतरवून, रेघा मारून, अंदाज लिहून ठेवा. एवढ्याला पंधरा मिनिटं पुरतात. बाकीचं नंतर केलं तरी चालतं, कारण तोवर प्रश्न डोक्यात मुरत असतो. आदल्या रात्री पहिल्यांदा वाचलेला प्रश्न मुरत नाही.

आणि अडलात तर विचारा, पण 'सर, हे येत नाही' असं विचारू नका. त्याला कुणी काय उत्तर देणार? वही उघडी घेऊन जा आणि म्हणा, "मॅडम, मी इथपर्यंत आले. काठाच्या तुलनेत वेग काढायचा होता, त्यासाठी हे दोन वेग मिळवले. पण बोट वर तोंड करून निघते तेव्हा मिळवायचे की वजा करायचे, ते कळत नाही." असं विचारलेल्या मुलीला मी संध्याकाळी दिवे लागल्यावरही परत पाठवलेलं नाही.